भामा धवलारणीचं पोट खोटं बोलत नाही

मित्रांनो, मी एक जुनं जठर आहे. वय वर्षं एकाहत्तर. मुक्काम पनवेलजवळच्या एका खाडीकाठच्या गावात, भामा धवलारणीच्या डाव्या बरगड्यांखाली. आपली हकीकत सांगताना माणसाने जरा नमतं घ्यावं म्हणतात. मी माणूस नाही आणि नमतंही घेणार नाही. माझ्यावर आणि माझ्या भामावर खोटेपणाचा आळ आला होता. तो आम्ही दोघांनी मिळून कसा पुसला, ते सांगायला मी बसलो आहे.

पण आधी तुमच्याशी माझं थोडं भांडण आहे. तुम्ही शाळेत हृदयाचं चित्र लाल खडूने काढता, त्याला बाण मारता, वहीच्या कव्हरवर मिरवता. माझं चित्र काढायची वेळ आली की एक वाकडी पिशवी काढून मोकळे होता. मी पिशवी नाही. पिशवीत टाकलेली वस्तू जशीच्या तशी राहते. माझ्याकडे आलेला घास वेगळाच होऊन पुढे जातो.

माझं काम नीट ऐका. मला दोन दारं आहेत. वरच्या दाराने घास आत येतो. खालचं दार मात्र फार शिस्तीचं आहे. पाणी, ताक, पेज यांना ते फारसं अडवत नाही. पण भाकरीचा तुकडा किंवा मटणाची फोड आली, की तिचा अगदी बारीक भुगा झाल्याशिवाय पुढे सोडत नाही. तो भुगा करायला माझ्याजवळ दोन हत्यारं आहेत. एक माझे स्नायू, ते घास घुसळतात. दुसरं माझं आम्ल. ते घासाला मऊ करतं आणि मांस फोडणाऱ्या रसाला जागं करतं. दोघं मिळून कामाला लागले की तीन-चार तासांत माझं घर बऱ्यापैकी रिकामं. हे आम्ल तुमच्या तळहातावर पडलं तर कातडी भाजेल. मी ते जन्मभर पोटात बाळगलं आहे आणि कधी त्याची बढाई मारली नाही. आज मारतो.

भामाचं माहेर चिरनेर. तिथल्या माणसांना आपलं म्हणणं सहजासहजी सोडायची सवय नाही, आणि ते पाणी माझ्यातही उतरलं आहे. लहानपणी तिने मला तांदळाची भाकरी दिली, सुकट दिली, करवंदं तर इतकी दिली की दोन दिवस मी नुसता कुरकुरत होतो. लग्न होऊन ती या खाडीकाठी आली तेव्हा गावाच्या खाली मिठागरं होती. भामा डोक्यावरून मीठ वाहायची. दुपारी सावलीला बसून कांदा आणि भाकरी खायची आणि तासाभरात पुन्हा उभी राहायची. मी कधी तिला बसवून ठेवलं नाही. आता त्या मिठागरांच्या जागी कंटेनर रचलेले आहेत, एकावर एक, घरांपेक्षा उंच. मिठागरं गेली तसं ते काम गेलं. धवला मात्र राहिला.

आमच्याकडच्या लग्नात मांडव, हळद, लग्न, सगळे विधी ज्या गाण्यांवर चालतात ते धवले. ते म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. भामाला ते तिच्या सासूने, मालूने शिकवले. शिकवताना मालू तिच्या पोटावर हात ठेवायची आणि म्हणायची, "गल्यातना नको गाऊ, हितना गा." तो हात माझ्याच डोक्यावर असायचा, बरं का. श्वास घेतला की छातीखालचा पडदा खाली येतो आणि मला हलकेच दाबतो. मी रिकामा असलो की मी त्याला जागा देतो. मग श्वास खोल जातो आणि ओळ लांब चालते. लोक म्हणायचे, भामाचा गळा काय गोड आहे! गळ्याचं कौतुक झालं, माझं नाही. मी मनावर घेतलं नाही, कारण भामाला खरं काय ते माहीत होतं. ती धवला म्हणायच्या आधी काही खायची नाही.

आमच्या गावात एक रीत आहे. हळदीचा धवला एकदा सुरू झाला की मध्ये तोडायचा नाही. ओळ तुटली तर पुन्हा पहिल्यापासून, आणि तोवर नवरीला हळद लागत नाही. पंचेचाळीस वर्षांत भामाची ओळ एकदाही तुटली नव्हती.

पाच वर्षांपूर्वी ती अंगणात घसरून गुडघ्यावर पडली. डॉक्टरांनी दुखण्यावरच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी मला जखम होऊ नये म्हणून सोबत एक कॅप्सूल दिली, सकाळी उपाशीपोटी एक. ही कॅप्सूल माझं आम्ल कमी करते. मी खरं तेच बोलणार, म्हणून हेही सांगतो, की त्या वेळी तिने माझं रक्षणच केलं. तिच्याशी माझं वैर नाही. कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, पंधरा दिवस. पंधरा दिवसांनी दुखण्यावरच्या गोळ्या संपल्या. तो कागद कपाटातल्या साड्यांखाली गेला. कॅप्सूल मात्र राहिली.

राहिली कशी? तर आमच्याकडे तिला कुणी औषध मानतच नाही. हळदीच्या मटणाआधी एक, जत्रेला जाताना एक, बाहेरगावी निघताना एक. पानाच्या तबकात बडीशेप, सुपारी आणि शेजारी कॅप्सूलची पाकिटं ठेवलेली मी ऐकून आहे. भामाचा मुलगा प्रितम तर महिन्याच्या किराण्याबरोबर तिचा डबा आणायचा. भामा दोन-चार कॅप्सूल आपल्या कमरेच्या चंचीत, पान-सुपारीबरोबर ठेवायची. पंधरा दिवसांची पाच वर्षं झाली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मित्रांनो, चुलीतला जाळ रोज पाणी शिंपडून मंद करा आणि वर म्हणा, भात का शिजत नाही! माझं तसंच झालं. पातळ पदार्थ जसे जायचे तसे जात होते, पण भाकरी आणि मटण भिजून मऊ होईनात. मी नुसत्या स्नायूंच्या जोरावर घुसळत राहायचो. खालचं दार उघडेना. दुपारचं जेवण संध्याकाळपर्यंत माझ्यात बसून राही. भामाला दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटू लागलं. वर ढेकर, पोट तट्ट. ती म्हणाली, "ॲसिडिटी वाडली वाटतं." आणि संध्याकाळची आणखी एक कॅप्सूल सुरू झाली. आत जाळ कमी पडला म्हणून घास अडले होते आणि बाहेर त्याच जाळाला शिव्या मिळत होत्या. मला भयंकर राग आला. पण जठराने राग काढायचा तो कसा? मी फक्त गुरगुरू शकतो, आणि भरलेलं जठर धड गुरगुरतही नाही.

मग ते घडलं. मार्गशीर्षात शेजारच्या समृद्धीची हळद होती. सकाळपासून काही खाल्लं नाही म्हणून भामा निश्चिंत होती, पण आदल्या रात्रीचं जेवण अजून माझ्यात होतं. तिने धवला उचलला. चौथ्या ओळीत ती खोल श्वास घ्यायला गेली आणि पडदा माझ्यावर येऊन अडला. मी जागा देऊ शकलो नाही. श्वास अर्ध्यात राहिला, वरून ढेकर आली आणि ओळ तुटली. भामाने पुन्हा पहिल्यापासून धवला म्हटला आणि कसाबसा पुरा केला. घरी येऊन ती पदर तोंडाला लावून बसली.

भाविका, प्रितमची मुलगी, आजीची फार लाडकी. तिचं लग्न जासईच्या मुलाशी ठरलं होतं, वैशाखात. तीच आजीला पनवेलच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर विनिता नावाच्या शांत बाई होत्या. त्यांनी विचारलं, "मावशी, औषधं कुठली चालू आहेत?"

"काय नाय," भामा म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. औषध तिच्या मते चालूच नव्हतं.

घशातून दुर्बीण घालून मला बघायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी साडेसातला जेवायचं आणि त्यानंतर काही खायचं नाही, असं बजावलं. भामाने सांगितल्याप्रमाणे केलं. सकाळी नऊला दुर्बीण आत आली आणि त्या उजेडात मी उघडा पडलो. आत भाताची शितं होती, मटणाचे धागे होते, साडेतेरा तासांनंतरही. अन्न श्वासनलिकेत जायची भीती असते म्हणून तपासणी तिथेच थांबवली.

"मावशी, खाऊन आलात ना?" दुर्बीण धरणारा माणूस म्हणाला.

"मी खाल्ला नाय."

सोबत आलेल्या प्रितमचा कामावरचा दिवस बुडाला होता, त्यात चारचौघांत ओशाळल्यासारखं झालं होतं. तो म्हणाला, "आय, आतमदी दिसतंय ना. सकाली उठून काय खाल्लास ते सांग. कशाला खोटा बोलतेस?"

भामाने त्याच्याकडे बघितलं. मला तिच्या छातीतले ठोके वरून ऐकू येत होते. ती सावकाश म्हणाली, "जा तोंडानं खोटा बोलली, ता तोंडानं धवला म्हनायचा नाय. मी खरी हाय हे ठरत नाय तवर मी भाविकाचे हलदीत तोंड उघडनार नाय. मंग आना तुमचा डीजे."

भाविका म्हणाली, "आजी, असं नको ना बोलू. माझी हळद तुझ्याशिवाय..."

"बोलली ती बोलली."

मित्रांनो, मी साक्षीदार होतो. एकुलता एक साक्षीदार! तिने खाल्लं नाही हे जगात मला एकट्याला ठाऊक होतं, आणि माझ्यातलाच ऐवज तिच्याविरुद्ध पुरावा ठरला होता. त्या दिवसाइतका मी कधी संतापलो नाही. घरात प्रितम नजर चुकवून वावरू लागला. सून किशोरी ताट वाढून बाजूला उभी राही. भामा जेवे थोडं, बोले त्याहून थोडं, आणि दोन वेळची कॅप्सूल तेवढी न चुकता घेई.

पंधरा दिवसांनी भामा स्वतःच डॉक्टर विनितांकडे गेली. भाविका सोबत होती. भामा खुर्चीवर बसलीसुद्धा नाही. म्हणाली, "बाय, मना हितंच बसवा. तुमचे समोर खाते. मंग तुमीच बघा पोटात काय रातंय ते."

डॉक्टर हसल्या नाहीत, हे मला आवडलं. त्या म्हणाल्या, "तशी तपासणी असते, मावशी." दोन दिवसांनी एका मोठ्या रुग्णालयात भामाला खूण मिसळलेलं खाणं दिलं. ती खूण यंत्राला बाहेरून दिसते, त्यामुळे घास कुठवर गेला ते कळतं. एक तासाने चित्र, दोन तासांनी चित्र, मग चार तासांनी शेवटचं. मधल्या वेळात परिचारिका अनुया भामाच्या समोरच खुर्ची टाकून बसली होती. भामानेच तिला बसवलं होतं. "उठू नको पोरी, नजर हटवू नको," ती म्हणत होती. पाणी प्यायचं तरी विचारून पीत होती.

चार तासांनी माझ्यात दहा टक्क्यांहून कमी अन्न उरायला हवं होतं. उरलं होतं एकतीस टक्के. डॉक्टर विनिता चित्र बघून म्हणाल्या, "मावशी, तुम्ही त्या दिवशी काहीच खाल्लं नव्हतं, हे मला आता पटतंय. पण हे असं का होतंय?" साखर तपासलेली होती, ती ठीक होती. बाकीच्या गोष्टीही ठीक होत्या.

भामाला बरं वाटलं. बरं वाटलं की ती पान खाते. तिने कमरेची चंची सोडली, सुपारी काढायला बोटं आत घातली आणि सुपारीबरोबर चंदेरी पाकीट बाहेर आलं.

"मावशी, थांबा," अनुया म्हणाली. "हे काय आहे?"

"ही? ही गोली. ॲसिडिटीची."

"कधीपासून घेता?"

"झाली असतील पाच वर्सा. सकाल-संध्याकाल."

"आणि डॉक्टरांनी औषधं विचारली तेव्हा काय सांगितलंत?"

"आता हे काय औषध हाय व्हय?" भामा मनापासून म्हणाली. "हे तं सगलेच घेतात."

मित्रांनो, मला आनंदाने उडी मारता आली असती तर मी मारली असती! डॉक्टर विनिता खुर्ची ओढून भामाच्या अगदी जवळ बसल्या. त्यांनी समजावून सांगितलं, की या कॅप्सूलने आम्ल कमी होतं, आणि आम्ल कमी झालं की काही माणसांत घट्ट अन्न पोटातून निघायला जास्त वेळ लागतो. सगळ्यांनाच असं होत नाही. "तुमच्यातही कारण हेच आहे, असं मी आज छातीठोक सांगणार नाही," त्या म्हणाल्या. आधी पोट पातळ अन्नावर ठेवून पुन्हा दुर्बिणीने बघू. आत जखम नसेल तर कॅप्सूल हळूहळू बंद करू आणि हीच तपासणी परत करू. "आणि ज्याला खरी गरज आहे त्याने ही मनाने बंद करायची नाही," त्यांनी भाविकाकडे बघून बजावलं. खरंच शहाणी बाई.

दुर्बीण झाली. जखम नाही, गाठ नाही. दुखण्यावरच्या गोळ्या तर केव्हाच बंद होत्या. मग कॅप्सूल आधी दोनाची एक झाली, मग एक दिवसाआड, मग बंद.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. पाच वर्षं दाबून ठेवलेल्या जठराला एकदम मोकळीक मिळाली की ते भान सोडतं. माझं आम्ल गरजेपेक्षा जास्त उसळलं. तीन आठवडे भामाच्या छातीत जळजळ होत होती. हे होणार, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं आणि त्रास वाढला तर यायलाही सांगितलं होतं. प्रितम दोनदा पाकीट घेऊन आला. "आय, एकच घे." भामा भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "ठेव तिकडं. मना खरी ठरायची हाय." किशोरी रात्रीचं जेवण सातलाच वाढू लागली, मटणाचा रस्सा बेताचा करू लागली. चौथ्या आठवड्यात मी ताळ्यावर आलो. त्या तीन आठवड्यांबद्दल मी भामाची माफी मागतो. दुसऱ्या कुणाची मागणार नाही.

चैत्रात पुन्हा तेच यंत्र, तेच खाणं, आणि समोर तीच अनुया. या वेळी भामाने हट्टाने प्रितमलाही आणलं होतं. चार तासांनी माझ्यात उरलं होतं सात टक्के. डॉक्टर विनिता म्हणाल्या, "प्रितमभाऊ, तुमच्या आई पहिल्या दिवसापासून खरं बोलत होत्या."

भामा म्हणाली, "बाय, जरा जोरानं बोला. ताला कमी ऐकू येतं."

डॉक्टर पुन्हा बोलल्या, मोठ्याने. बाहेरच्या बाकावरचे पेशंटसुद्धा वळून बघू लागले. प्रितम खाली वाकला आणि आईच्या पायाला हात लावून म्हणाला, "चुकला माझा, आय." भामाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात उचलायला तिला बराच वेळ लागला.

वैशाखात भाविकाची हळद झाली. मांडवात माणसांची दाटी, बाहेर मटणाच्या डेगी. प्रितमने पानाचं तबक आधीच तपासलं होतं. त्यात बडीशेप होती, सुपारी होती, लवंग होती. कॅप्सूलची पाकिटं त्याने स्वतःच्या हाताने काढून टाकली होती. एका काकांनी विचारलं, "गोली नाय ठेवलीस?" प्रितम म्हणाला, "ते औषध हाय काका. डॉक्टरला विचारून घ्या."

भाविका पाटावर बसली. डीजे बंद केला. भामा उठली. सकाळपासून तिने पेजेवर काढलं होतं, आणि माझ्यात पेजेचा थेंबही उरला नव्हता. कुणीतरी तिच्या हातात माईक दिला. माईकची तिला सवय नव्हती. तिने तो पोटाशी धरला आणि डोळे मिटले. मांडव चिडीचूप झाला.

आणि मी बोललो.

पाच वर्षांत पहिल्यांदा, रिकाम्या, मोकळ्या, निरोगी जठराने गुरगुरावं तसा मी गुरगुरलो. चारही कर्ण्यांतून माझा आवाज अख्ख्या गावात गेला. पोरंबाळं फिदीफिदी हसली. बायकांनी तोंडाला पदर लावले. भाविका तर पाटावर हसून वाकडी झाली.

भामाने माईक तोंडाशी नेला. "हसता काय?" ती म्हणाली. "भूक हाय ती. माझी साक्षीदार."

मग तिने श्वास घेतला. पडदा खाली आला आणि मी त्याला सगळी जागा दिली. धवला सुरू झाला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कुठेही तुटला नाही. भाविकाच्या गालाला हळद लागली तेव्हा प्रितम मांडवाच्या खांबाला धरून उभा होता आणि डोळे पुसत होता.

मित्रांनो, माझं मागणं एवढंच आहे. मी दुखलो, जळलो, तर मला डॉक्टरांकडे न्या. त्यांनी दिलेलं औषध द्या, पण किती दिवसांचं ते कागदावर वाचा आणि तो कागद साड्यांखाली घालू नका. कुणी विचारलं, औषधं कुठली चालू, तर चंचीतलंसुद्धा सांगा. आणि घरातली म्हातारी म्हणाली, "मी खाल्ला नाय," तर तिला खोटं पाडण्याआधी एकदा तिच्या पोटाला विचारा.

आता मला सोडा. हळद लागली आहे, डेगी उघडल्या आहेत आणि किशोरी भामासाठी पहिलं ताट वाढते आहे. मला कडकडून भूक लागली आहे.